तोंडावाटे काही नाही

धर्मेंद्रचा फोन आला तेव्हा भावना तायडे अमरावतीच्या डेपोत बाकावर डबा खात बसली होती, आणि फोन ठेवल्यावर पुढचा घास तिनं परत डब्यात ठेवला. वाईट बातमी होती म्हणावं तर तेही नाही. उलट मानाचं बोलावणं होतं. धर्मेंद्र म्हणजे अकोल्याचा मोटार वाइंडिंगवाला. गेल्या उन्हाळ्यात भावनाच्या गाडीत ज्या म्हातारीला ऊन लागलं आणि पुढं दवाखान्यात जी गेली, त्या पार्बताबाईचा मुलगा. "ताई, पाडव्याले अकोल्याच्या बसस्टँडसमोर मायच्या नावानं पानपोई लावून राहिलो," तो म्हणाला. "फीत तुमच्याच हातानं कापाची. नाही म्हनू नोका. माय गेली, पन तहानलेली नाही गेली. शेवटचं पानी तुमच्या हातचं पेली, हे मी जन्मभर इसरनार नाही." भावना म्हणाली, "बरं भाऊ." दुसरं काय म्हणणार? एवढ्या गोड बोलावण्याला कोणी नाही म्हणतं का! पण 'बरं' म्हणताना जिभेला कसलीशी कडसर चव आली, आणि डब्यातली भेंडी तिनं तशीच झाकून ठेवली. शेजारच्या कंडक्टरनं विचारलं, "काय झालं वो?" ती म्हणाली, "काही नाही, भूक मेली." भूक नव्हती मेली. मे महिन्यापासून आत कुठंतरी दबून राहिलेला एक आवाज पुन्हा वर आला होता.

तो आवाज घळघळ असा होता. अकोल्याहून निघालेली दुपारची गाडी, बोरगाव मंजू मागं पडलेलं, खिडकीच्या दांडीला हात लावायची सोय नाही असं ऊन, आणि रऊफ ड्रायव्हर डोक्याला ओला रुमाल बांधून गाडी हाकतोय. भावना तिकिटाचं मशीन घेऊन मागं चालली होती तेव्हा मधल्या बाकावरची नऊवारीतली म्हातारी शेजारणीच्या अंगावर कलंडली. कोणी म्हणालं झोप लागली. कोणी म्हणालं, अवो झोप कायची, डोये पाहा तिचे! मग एकच गिल्ला झाला. कांदा हुंगवा, वारा घाला, पानी पाजा, पानी, पानी. भावनानं म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं. अंग तापलेलं होतं, आणि कोरडं. त्या उकाड्यात सगळी गाडी घामानं निथळत असताना त्या एका अंगावर घामाचा टिपूस नव्हता. हे तिच्या हाताला तेव्हाच कळलं होतं, पण हाताला कळलेलं डोक्यापर्यंत पोचायला कोणी शिकवलेलं असावं लागतं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तिची मोठी बाटली भरलेली होती. तिनं झाकण काढलं, म्हातारीचे ओठ बोटांनी विलग केले आणि पाणी ओतलं. घशात घळघळ वाजलं. "गेलं, गेलं, पोटात गेलं!" सगळी गाडी म्हणाली, आणि भावनाला, खरं सांगायचं तर, त्या क्षणी फार बरं वाटलं. रऊफनं मूर्तिजापूरपर्यंत कुठं ब्रेक लावला नाही. दवाखान्याच्या दारात म्हातारीला उतरवून घेणाऱ्या नर्सनं विचारलं, "पाणीबिणी पाजलं का?" आणि पाचपंचवीस माणसं अभिमानानं ओरडली, हो, पाजलं, पाजलं! नर्सनं जीभ टाळ्याला लावून नुसतं 'च्च' केलं आणि ती स्ट्रेचरमागं पळाली. बस्स, एवढंच. गाडीत माणसं खोळंबली होती, भावनाला थांबता आलं नाही. म्हातारीचा श्वास तेव्हा चालू होता. संध्याकाळी कळलं की ती गेली.

त्या 'च्च'चा अर्थ काय, हे भावनानं तेव्हा कोणाला विचारलं नव्हतं. विचारायला भीती वाटली असं ती स्वतःशीही कधी बोलली नाही. धर्मेंद्र आभार मानायला डेपोत आला, हिच्यापुढं हात जोडून रडला, आणि त्या रडण्यानं ते 'च्च' दाबून टाकलं. तो असं म्हणाला होता की, "आमच्या मायनं उभ्या जन्मात बाहेर कोनाच्या हातचं पानी घेतलं नाही, लय सोवळ्याची होती, पन जाताना तुमच्या हातचं पेली." हे ऐकताना भावनाच्या मनात दोन गोष्टी एकदम झाल्या होत्या. एक टोचलं, का टोचलं ते तायड्यांच्या घरातल्या कोणालाही सांगायला नको. आणि दुसरं, छाती भरून आली. तिचा बाप श्रावण तायडे अंजनगाव सुर्जीच्या जिनिंगमध्ये गाठी उचलायचा. लहानपणी विहिरीपाशी ओंजळ धरून, कोणी वरून ओतील म्हणून ताटकळत उभा राहिलेला माणूस. मोठा झाल्यावर त्यानं आपल्या दारात रांजण मांडला तो मांडलाच. येणारा जाणारा कोणी असो, वाण्याचा असो, पाटलाचा असो, फकीर असो. "पान्याले कोनाले नाही म्हनाचं नाही," तो सांगायचा, "दुश्मन आला तरी आधी गिल्लास, मंग भांडन." त्या घरात देव्हारा नव्हता, हा एवढा नेम होता. मांडीवर डोकं घेऊन बाटली उघडली तेव्हा भावनानं काही विचार केला नव्हता. बापाचाच हात पुढं झाला होता म्हणा ना.

आणि आता त्याच पाण्यासाठी तिनं फीत कापायची. डबा पिशवीत टाकून ती उठली तेव्हा तिचं ठरून गेलं होतं. त्या पाण्यानं म्हातारीचं भलं झालं की वाईट, हे कळल्याशिवाय ती त्या फितीला हात लावणार नव्हती. पाडवा अजून लांब होता. डोकं शांत असलं की भावना कोणाचं ऐकत नाही, ही गोष्ट तिची आई केशरबाई सगळ्या गल्लीला सांगत असते.

मोबाईलवर तिनं बघितलंच. न बघायला काय झालं! पण मोबाईलचं म्हणजे असं की एक बाबा म्हणतो लिंबूपाणी पाजा, दुसरा म्हणतो कांद्याचा रस पाजा, तिसरा म्हणतो खबरदार काही पाजाल तर, आणि तिघंही छातीवर हात ठेवून सांगतात, खालून तिघांनाही अंगठे. डेपोत तपासणीला आलेल्या डॉक्टरांना विचारलं तर ते हसून म्हणाले, "ताई, तुम्ही तुमच्या परीनं केलं ना? मग कशाला डोक्याला ताप?" चांगले होते बिचारे. पण तिला दिलासा नको होता. बापाची एक सवय होती, कोणी काही ठासून सांगितलं की तो विचारायचा, "कोन्या पुस्तकात हाये?" तो स्वतः प्रौढपणी, कंदिलाशी बसून, बोट ठेवून वाचायला शिकलेला, छापलेल्या अक्षराचा त्याला धाक होता आणि मायाही. कंडक्टरच्या लायसनसाठी भावनानं प्रथमोपचाराचा वर्ग केला होता, त्याचं सर्टिफिकेट ट्रंकेत होतं. त्या वर्गात तिनं एका पोलीस भरतीवाल्याच्या डोक्याला सुरेख पट्टी बांधली होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, फोटो झाला होता. उन्हाचं काही शिकवलं असेल तर आठवत नव्हतं. पट्टी मात्र आजही डोळे मिटून बांधील.

सुटीच्या दिवशी ती अमरावतीतल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात गेली. शाळा सुटल्यापासून वाचनालयाची पायरी चढली नव्हती. आत गेल्यावर आधी वाटलं की आपण चुकून परीक्षेच्या हॉलमध्ये शिरलो. लांबच लांब टेबलं, त्यांवर माना खाली घातलेली पोरंपोरी, प्रत्येकाच्या पुढ्यात स्वतःचीच गाईडं, पाण्याची बाटली, मोबाईल चार्जिंगला. भिंतीशी काचेची कपाटं, पुस्तकांनी गच्च भरलेली आणि कुलूपबंद. ग्रंथपाल केशवराव जाडजूड चष्म्याचे, निवृत्तीला आलेले, बोलायला कोणी मिळालं की खुलणारे. "तुमाले पुस्तक पायजे?" त्यांनी असं काही विचारलं जणू तिनं हत्ती मागितला. "राजेहो! इथं पोट्टे येतात, आपापली पुस्तकं आनतात, आमचे पंखे वापरतात अन् जातात. कपाट उघडाले सांगनारी तुमी या सालातली पहिली." तिनं 'उष्माघात' म्हटलं, त्यांनी मान हलवली. 'ऊन लागणे' म्हटलं, नाही. मग ते म्हणाले, "आजाराचं नाव नोका सांगू. कराचं काय हाये ते सांगा." ती म्हणाली, "डॉक्टर येईस्तोवर काय कराचं, ते." "हां! मंग प्रथमोपचार. थे गृहशास्त्रात." आणि किल्ल्यांचा जुडगा वाजवत ते निघाले. कुलूप गंजलेलं होतं, तेलाचे थेंब सोडावे लागले. लोणची-मुरंब्याच्या आणि शिवणकामाच्या पुस्तकांमध्ये प्रथमोपचार उभा होता, आखूड, पिवळा पडलेला, कडेला वाळवीनं कुरतडलेला.

तिथंच उभ्याउभ्या तिनं ते पान काढलं. 'ऊन लागल्यास रुग्णास सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, थंड पाणी पाजावे.' पाजावे. तिनं शब्दावर बोट ठेवलं, बापासारखं. खांद्यावरून पोतं उतरवल्यावर हमाल जसा जागच्या जागी जरा वर येतो तसं तिला वाटलं. छापलेलं होतं. ग्रंथपालांच्या शिक्क्यासकट होतं. आता घरी जावं, पाडव्याला चांगली साडी नेसावी, फीत कापावी. कोणी म्हणेल इथं गोष्ट संपायला काय हरकत होती? हरकत कोणाचीच नव्हती. केशवराव विचारत होते, "सापडलं ना?" आणि ती 'हो' म्हणणारच होती, पण वाऱ्यानं की तिच्याच अंगठ्यानं, पान उलटलं आणि समोर सर्पदंश आला. 'दंशाच्या जागी ब्लेडने छेद देऊन रक्त तोंडाने शोषून थुंकावे.' हिवरखेडच्या तिच्या मावसभावाला असाच छेद दिला होता शेजाऱ्यांनी. साप साधा निघाला, पण कापलेला पाय सडला, आणि दवाखान्यात डॉक्टरांनी सगळ्या घराला उभं करून झापलं होतं की कापायला कोणत्या शहाण्यानं सांगितलं? म्हणजे या शहाण्यानं सांगितलं होतं. भावना ते पान आणि आधीचं पान असं दोनदा मागंपुढं करत राहिली. एकाच माणसाचं एक पान खोटं धरायचं आणि दुसरं आपल्या सोयीचं आहे म्हणून डोक्यावर घ्यायचं? आणि 'पाजावे' म्हणजे कोणाला पाजावे? चालत सावलीत आलेल्याला, की मांडीवर मान टाकलेल्याला? पुस्तक त्याबद्दल गप्प होतं. तिला त्या पिवळ्या पुस्तकाचा रागच आला. पण जास्त राग स्वतःचा आला, इतकं लवकर हलकं वाटून घेतल्याबद्दल. "नाही सापडलं," ती केशवरावांना म्हणाली. "याच्या मागून छापलेलं कोठी भेटन?" केशवरावांनी चष्मा काढून तिच्याकडं नीट पाहिलं. "हे मी नोकरीले लागलो तवाचं पुस्तक हाये बाई. नवं पायजे तर अकोल्याले नर्सिंग कॉलेजात विचारा. तिथी शाइस्ता मॅडम म्हनून हायेत लायब्ररीत. माझं नाव सांगा. नाव सांगून काही होनार नाही, पन सांगा."

नाव सांगून खरंच काही झालं नाही. अकोल्याला पोचल्यावर परतीच्या फेरीआधी मधे मोकळा वेळ असतो, त्यात रऊफ गाडीत झोप काढतो आणि भावना चहा पिते. त्या वेळात ती खाकी कपड्यांतच कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन उभी राहिली. शाइस्ता तिशीतली, काळा स्कार्फ, पुढ्यात पुस्तकांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांचा ढीग. "बाहेरच्यांना देता येत नाही, ताई. रूल आहे." "नेत नाही. इथंच वाचते." "कोणता कोर्स करता?" "कोर्स नाही." "मग? परीक्षा आहे का कुठली?" "नाही." "मग कशासाठी वाचायचंय?" इतके दिवस हा साधा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. मग ती म्हणाली, "एका बाईले मी पानी पाजलं होतं. ती मेली. पाजाचं होतं का नाही, थे पाहाचं हाये." शाइस्ताच्या हातातली चिठ्ठी बोटालाच चिकटून राहिली. तिनं ती सावकाश सोडवली, टेबलापलीकडची खुर्ची पुढं सरकवली आणि म्हणाली, "बैठो."

नंतर ती जाऊ लागली ते जातच राहिली. त्या लायब्ररीत भावनाला पहिल्यांदा कळलं की जाड पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं नसतं. शाइस्ता पुस्तक उलटं धरायची, मागच्या पानांतली बारीक यादी काढायची, एक शब्द पकडायची आणि तडक मधल्या पानावर उतरायची, जसा रोजचा पासवाला आपल्या थांब्यावर झोपेतसुद्धा बरोबर उतरतो. इंग्रजी भावनाला जेमतेम. शाइस्ता वाचायची, अर्धं हिंदीत अर्धं मराठीत सांगायची, भावना परत म्हणून दाखवायची. आधी त्यांना नको ते पुष्कळ सापडलं. जखमा, भाजणं, हाडं, विंचू. भावना तेही वाचायची, पाणी बाजूला ठेवून. कारण एकदा दार उघडल्यावर नुसतं आपलं काम उरकून पळायचं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि कदाचित, हे तिचं तिलाच कधीतरी वाटून जायचं, कदाचित ते एक पान जितकं पुढं ढकललं जाईल तितकं तिला हवंच होतं. मग एके दिवशी विद्यार्थिनींसाठी छापलेलं मराठी पुस्तक आलं. नवं होतं, गोंदाचा वास जाईना. त्यात उन्हाच्या पानावर दोन भाग पाडले होते. रुग्ण शुद्धीत असेल, गिळू शकत असेल, तर घोट घोट पाणी. आणि खाली, जाड अक्षरांत: 'शुद्ध हरपली असल्यास तोंडावाटे काही नाही. पाणीसुद्धा नाही. घशातील पाणी श्वासनलिकेत जाऊन जीव धोक्यात येतो. रुग्णास कुशीवर वळवावे. अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मानेशी, काखेत, जांघेत बर्फ ठेवावा.'

तिनं बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं. घळघळ. तर तो आवाज पोटाकडे जाणाऱ्या पाण्याचा नव्हता. पण तिला मोडून टाकलं ते त्या ओळीनं नाही, त्याखालच्या ओळीनं. अंगावर ओतावे. पाणी होतं की हातात! भरलेली बाटली होती, गार होती, ओल्या फडक्यात होती. ते फडकं मानेवर ठेवायचं होतं, ती बाटली लुगड्यावर रिकामी करायची होती, गाडीतल्या पाचपंचवीस बाटल्या रिकाम्या करायच्या होत्या. कोणी लांबून काही आणायचं नव्हतं. सगळं तिथंच होतं, मांडीपासून वीतभर अंतरावर, आणि सगळी माणसं ओरडत होती पाजा, पाजा, आणि बापाचा रांजण आणि त्याची ती ओंजळ आणि दुश्मनालासुद्धा आधी ग्लास. ती रडली नाही. शाइस्ता उठून तिच्या बाजूला येऊन बसली. "हमारे अब्बू गए तब मीच कापसानं ओठ ओले केले होते," शाइस्ता म्हणाली. "आखरी वक्त में सब यही करते हैं, ताई. हिंदू काय, मुसलमान काय. माणूस जातोय असं वाटलं की पाणी." "पन ती जाऊन नव्हती राहिली," भावना म्हणाली. "ती जित्ती होती. मी तिले मरनारीचं पानी पाजलं." मग तिनं विचारलं, जे विचारायला ती आली होती ते: "माझ्या पान्यानंच गेली काय ती?" शाइस्तानं पुस्तक मिटलं नाही, तसंच उघडं राहू दिलं. "तेवढ्या तापानं पण माणूस जातो. पाण्यानं पण जातो. पुस्तकात उन्हाचं लिहिलंय ताई, पार्बताबाईचं नाही लिहिलेलं." भावनाला हे आवडलं नाही. पण हे खोटं नव्हतं, आणि खोटं नसलेलं काहीतरी हाती यावं म्हणूनच तर तिनं एवढी पायपीट केली होती. नंतर दोघींनी आणखी तीनचार पुस्तकं उघडून पाहिली, सगळ्यांत तेच होतं.

"सांगाल त्याले?" रऊफनं मूर्तिजापूरच्या चहावर विचारलं. तो मे महिन्याच्या गाडीतलाच, त्याच्यापासून काय लपवायचं. भावना 'हो' म्हणाली तसा तो उखडला. "काहून पन? भावनाताई, त्याची माय गेली. त्याच्यापाशी काय उरलं, तर मायनं पानी पेलं एवढंच. थे बी काहाडून घेता काय? सवाब का काम समझ के, पुन्य समजून, चूप बैठो. फीत कापा, पेढा खा, घरी या." रऊफ काही वेडंवाकडं बोलत नव्हता. पुढचे कितीतरी थांबे भावना तिकिटं देत होती आणि त्याचंच म्हणणं डोक्यात फिरवत होती. गप्प बसणं म्हणजे खरंच धर्मेंद्रवर दया होती, की स्वतःवर? आणि सांगणं म्हणजे खरेपणा होता, की आपल्या छातीवरचा धोंडा उचलून दुसऱ्याच्या छातीवर ठेवणं? दोन्हीकडं तिलाच तिचा स्वार्थ दिसायला लागला, तेव्हा तिनं स्वतःला त्यातून काढलं आणि नुसती ती पानपोई डोळ्यांसमोर आणली. मे महिना. अकोल्याचं बसस्टँड. कोणीतरी कोसळलंय. लोक उचलून पहिल्यांदा कुठं आणतील? जिथं सावली आणि माठ आहेत तिथं. आणि पहिला ग्लास कोण भरील? जो जवळ असेल तो. चांगला माणूस असेल. तिच्यासारखाच. पार्बताबाईच्या नावाच्या बोर्डाखाली, पार्बताबाईच्याच माठातलं पाणी तो माणूस कोणाच्या तरी बेशुद्ध घशात ओतील आणि सगळे म्हणतील, गेलं, पोटात गेलं. "मी सांगनार," ती रऊफला केबिनच्या जाळीतून म्हणाली. "अन् बोर्डावर लिवून घेनार." रऊफनं आरशातून तिच्याकडं पाहिलं आणि "या अल्ला, काय बाई हाय!" म्हणून गिअर टाकला.

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात ती धर्मेंद्रच्या दुकानात गेली. दुकानभर उघडलेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची वेटोळी, वॉर्निशचा उग्र वास. दारात दोन स्टुलांवर पांढरा रंगवलेला पत्रा आडवा ठेवला होता आणि एक पेंटर त्यावर निळ्या अक्षरांत 'कै. पार्बताबाई यांच्या स्मरणार्थ' एवढं लिहून पुढच्या ओळीसाठी दोरीनं रेघ आखत होता. धर्मेंद्र लगबगीनं उठला, हात पुसला, खुर्ची दिली, चहा सांगितला. "पाहा ताई, अक्षर कसं वाटते?" भावना बसली नाही. बसलं तर बोलणं होणार नाही हे तिला माहीत होतं. "भाऊ, या बोर्डावर आनखी एक ओळ पायजे. 'बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. अंगावर ओतावे.'" पेंटरनं मान वर केली. धर्मेंद्र हसला, मग हसू तसंच तोंडावर राहून गेलं. "काहून? पानपोईवर असं काहून लिवाचं?" मग तिनं सांगितलं. शुद्ध गेलेल्या माणसाला गिळता येत नाही. पाणी पोटात जात नाही, श्वासाच्या नळीत जाते. ओठातून बाहेर येते नाहीतर आत कोंडते. मी वाचलं, एका पुस्तकात नाही, चारपाच पुस्तकांत. धर्मेंद्र हातातल्या तारेचं टोक बोटाभोवती गुंडाळत होता. आता हा ओरडेल, तिला वाटलं. ओरडू दे.

तो ओरडला नाही. "ओठातून बाहेर येते म्हनता?" त्यानं विचारलं, अगदी हळू. "हो." "ताई, मी मूर्तिजापूरले पोचलो तवा मायचा श्वास चालू होता. तुमी निघून गेल्या होत्या. मी चमचा घेतला. नर्स नाही म्हने, मी तिच्यासंगं भांडलो अन् चमचा मायच्या तोंडाले लावला. सारं पानी गालावरून खाली आलं. एक थेंब घेतला नाही तिनं माझ्या हातचा." त्यानं तार टाकून दिली. "सकायी आमचं वाजलं होतं. तिले बहिनीकडं अमरावतीले जाचं होतं, म्हने तू गाडीवर सोडून दे. मी म्हनलं आज काम हाये, उद्या सोडतो. रागानं एकटीच निघाली. मले वाटलं... तुमच्या हातचं पेली, अनोयखी बाईच्या हातचं पेली, अन् माझ्यावर तोंड मिटलं. कोनाले नाही सांगतलं मी हे. बायकोलेबी नाही. पानपोई काहून लावून राहिलो असं वाटते तुमाले?" धर्मेंद्र तिच्याकडं असा बघत होता की जणू निकाल तिच्या खिशात आहे. "म्हंजे तिनं नाही म्हनलं नव्हतं?" "नाही भाऊ." "रागानं नाही?" "नाही. तिले गिळताच येत नव्हतं." "पक्कं?" इथं तिला थांबता आलं असतं. 'पक्कं' म्हणून, चहा पिऊन, गाडीची वेळ झाली म्हणून निघता आलं असतं. तो सुटला होता, हलका झाला होता, दुसरी बाजू त्याच्या ध्यानात यायला रात्र उलटली असती. "पक्कं," ती म्हणाली. "दवाखान्यात पोचाच्या लय आधी तिची शुद्ध गेली होती. गाडीतच. मी बाटली उघडली त्याच्याबी आधी. माझ्या हातचंबी ती पेली नाही, भाऊ. माझं पानी आत गेलं, पन पोटात नाही गेलं."

धर्मेंद्रनं तोंडावर दोन्ही हात घेतले. तो रडत होता, आणि कशासाठी रडत होता हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आई त्याच्यावर रुसून गेली नव्हती म्हणून की समोरची बाई आत्ता काय बोलली ते आत उतरत चाललं होतं म्हणून. चहा आला, स्टुलावर ठेवला गेला, कोणी उचलला नाही. भावना वाट बघत होती. शिवी आली असती तर ती घेतली असती, माफी आली असती तर तीही कशीबशी घेतली असती. दोन्ही आलं नाही. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि तिच्याकडं न पाहता पेंटरला म्हणाला, "मायचं नाव पूस. खाली बारीक लिव. वर ताईची ओळ येऊ दे, मोठी, रस्त्यावरून वाचता आली पायजे." पेंटरनं रॉकेलचं फडकं घेतलं. ओली निळी अक्षरं पुसली गेली, पत्र्यावर एक फिकट डाग राहिला. मग धर्मेंद्र भावनाकडं वळला. "फीत तुमीच कापाची," तो म्हणाला, आणि यात बोलावणं किती आणि शिक्षा किती हे तिला कळलं नाही. ती म्हणाली, "येते." ब्रश बुडवून पेंटर खोळंबला होता. "काय लिहू, ताई? परत सांगा."

भावनानं पहिल्या शब्दापासून सावकाश सांगायला सुरुवात केली.